बासवाल्याला मार्क कोण देणार?

चौघांचा बँड. गायिका, कीबोर्ड, बास गिटार आणि ड्रम्स. संगीत विभागाची सत्र परीक्षा, बारा मिनिटांचा कार्यक्रम. दुसऱ्या गाण्यात शेवटच्या कोरसआधी चार बार (चार-चार मात्रांची चार आवर्तनं) नुसतं वाजवायचं होतं, पण गायिका तिसरा बार संपताच माइककडे झुकली. एक बार आधी, म्हणजे चार मात्रांची गफलत. बासवाल्यानं तिची मान हलताना पाहिली, ड्रमरकडे एक नजर टाकली आणि बोट थेट कोरसच्या पहिल्या स्वरावर नेलं. ड्रमरनं हातातला फिल, म्हणजे दोन भागांना जोडणारा ठोक्यांचा तुकडा, अर्धवट सोडून त्याला गाठलं. कीबोर्ड दोन मात्रा मागून आला, पण आला. गाणं सुटलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या परीक्षकांनी कागदावर लिहिलं, ‘शेवटचा भाग जोरकस’.

परीक्षकांचं यात काही चुकलं नाही. ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं. पण त्या दोन सेकंदांत काय घडलं हे सभागृहात तिघांनाच माहीत होतं, आणि ते तिघंही स्टेजवर होते. गायिकेला तर तेव्हा पत्ताच नव्हता.

हा बँड मी समजावून सांगण्यासाठी रचला आहे. प्रसंग मात्र चार जणांत मिळून कधी वाजवलं असेल त्या कुणालाही ओळखीचा वाटेल. गटानं केलेल्या संगीताला मार्क द्यायचे झाले की शिक्षकासमोर हीच अडचण उभी राहते. निकाल सगळ्यांचा मिळून एक असतो, मार्कशीट मात्र प्रत्येकाची वेगळी. कुणी काय केलं हे बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक विद्यापीठांनी मार्कांचा काही भाग विद्यार्थ्यांच्याच हातात दिला. शिक्षणशास्त्रात याला सहाध्यायी मूल्यमापन म्हणतात. साध्या भाषेत, बरोबर शिकणाऱ्यांनी एकमेकांचं काम जोखायचं.

इथे सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढून ठेवते, कारण बहुतेक वाद तिच्या गोंधळातून होतात. या एकाच नावाखाली दोन निराळे प्रकार चालतात. पहिल्यात वर्गातले बाकीचे विद्यार्थी श्रोते म्हणून बसतात आणि वाजवणाऱ्या गटाला मार्क देतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या क्वीन्सलँड कॉन्झर्व्हेटोरियममध्ये लोकप्रिय संगीताच्या पदवीला विद्यार्थ्यांची अशी पॅनेल बसत आली आहेत. एकमेकांची गाणी ऐकायची, लेखी अभिप्राय द्यायचा, मार्क सुचवायचे. दुसऱ्या प्रकारात गटाच्या आतलेच लोक एकमेकांना जोखतात: कोण तयारी करून आला, कुणी दुसऱ्याला सांभाळून घेतलं, कुणी अंग चोरलं. पहिल्या प्रकारात प्रश्न कानाचा असतो, दुसऱ्यात नात्याचा. एकाचे फायदे दुसऱ्याच्या नावावर खपवले की घोटाळा होतो.

कानाचा प्रश्न

विद्यार्थ्यांना जमतं का हे? शंका रास्त आहे, आणि तिच्यावर बरंच काम झालेलं आहे. नॅन्सी फॉल्चिकोव्ह आणि जूडी गोल्डफिंच यांनी २००० साली विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे मार्क शेजारी ठेवून पाहणारे ४८ अभ्यास एकत्र केले. सगळ्या विषयांतले, फक्त संगीतातले नव्हेत. दोन्ही मार्कांमधला सहसंबंध सरासरी ०.६९ निघाला. हा आकडा ० असता तर दोघांच्या मार्कांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं म्हणावं लागलं असतं, १ असता तर एकाचे मार्क वाढले की दुसऱ्याचेही त्याच प्रमाणात वाढतात असं. ०.६९ म्हणजे विद्यार्थी शिक्षकाच्या बऱ्यापैकी जवळ जातात, पण त्याची जागा घेत नाहीत.

संगीतापुरतं बोलायचं तर मार्टिन बर्जी या अमेरिकी संशोधकाचा १९९३ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं शिकणाऱ्यांच्या परीक्षा त्यानं तीन कानांनी तपासल्या: शिक्षक, इतर विद्यार्थी आणि वाजवणारा स्वतः. शिक्षक आणि इतर विद्यार्थी यांचं चांगलं जुळलं. वाजवणाऱ्याचं स्वतःबद्दलचं मत मात्र दोघांशीही नीट जुळलं नाही. दुसऱ्याचा बेसूर पटकन ऐकू येतो, स्वतःचा येत नाही. वाजवताना निम्मं लक्ष बोटांत असतं आणि उरलेलं पुढच्या ओळीत, मग ऐकायला कोण उरणार?

फॉल्चिकोव्ह-गोल्डफिंच यांच्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, त्याकडे मूल्यमापनाचे फॉर्म बनवणाऱ्यांचं सहसा दुर्लक्ष होतं. विद्यार्थ्यांना निकष नीट समजलेले असतील आणि त्यांनी एकूण कामाला मिळून एक मार्क दिला, तर तो शिक्षकाच्या मार्काशी जास्त जुळतो. तेच काम दहा तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळा मार्क मागितला, तर कमी जुळतो. संगीतात याचं कारण मला सहज दिसतं. लय, सूर, भाव, ताळमेळ असे चार रकाने कागदावर सुटे दिसतात. कानात ते सुटे येतच नाहीत. ड्रमर कोरसमध्ये घाई करतो तेव्हा गायिकेला श्वास पुरत नाही, श्वास पुरला नाही की वरचा स्वर उतरतो, आणि ऐकणारा ‘सूर’ या रकान्यात तिचे मार्क कापतो. चूक एकाची, दंड दुसरीला. दहा रकान्यांचा तक्ता पाहून काटेकोरपणाचा भास होतो खरा, पण बऱ्याचदा तो भासच असतो.

आणि कान हा काही फक्त कान नसतो. चिया-जंग त्साय हिनं २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांमधल्या तीन अंतिम स्पर्धकांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवायच्या आणि विजेता कोण ते ओळखायला सांगायचं. नुसता अंदाज केला तरी तिनात एकदा बरोबर येणारच. नुसता आवाज ऐकवला तेव्हा लोक त्या अंदाजापलीकडे गेले नाहीत. आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं तेव्हा मात्र निम्म्याच्या आसपास वेळा त्यांनी विजेता बरोबर ओळखला. व्यावसायिक संगीतकारांचंही तेच झालं. म्हणजे जाणत्यांचा निवाडाही, त्यांच्या नकळत, डोळ्यांतून आत येतो. कोण किती झोकून देऊन वाजवतंय असं दिसतं, त्याला वजन मिळतं. आमचा बासवाला वाजवताना जमिनीकडे बघत उभा असतो. त्याचं काय होणार ते उघड आहे.

क्रमाचाही परिणाम होतो. बेल्जियममधल्या शास्त्रीय संगीताच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये तिथले निकाल तपासले, तर पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला वरचे क्रमांक कमी आले होते. नामांकित ज्युरीची ही गत असेल, तर दुपारी दोनला सुस्तावलेल्या वर्गानं पहिल्या गटाला हात राखून मार्क दिले यात नवल नाही. यावर उपाय सोपे आहेत: एका गटाचे मार्क लगेच गोळा न करता सगळं ऐकून झाल्यावर एकदा मागे जाऊन बघू द्यायचं, आणि एखादी फेरी नुसत्या ध्वनिमुद्रणावर घ्यायची, चित्राशिवाय.

आतल्या हिशोबाचा प्रश्न

आता दुसरा प्रकार, गटाच्या आतला. इथे आधी गणित समजून घेऊ, कारण ‘मित्रांनी माझे मार्क कापले’ या तक्रारीमागे बहुधा हे गणितच असतं.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात तयार झालेली वेबपीए नावाची संगणक प्रणाली यासाठी बरीच वापरली गेली. तिची मूळ कल्पना कागदावरही करता येते. आमच्या बँडमधल्या प्रत्येकाकडे २० गुण आहेत. ते त्यानं चौघांत, स्वतःसकट, वाटायचे. सगळ्यांचं काम सारखं वाटलं तर प्रत्येकाला ५.

गायिकेनं स्वतःला ५, कीबोर्डला ६, बासला ३ आणि ड्रमरला ६ दिले. कीबोर्डवाल्यानं गायिकेला ५, स्वतःला ६, बासला ४, ड्रमरला ५. ड्रमरनं गायिकेला ५, कीबोर्डला ६, बासला ३, स्वतःला ६. आणि बासवाल्यानं? सगळ्यांना ५-५-५-५, शेरा रिकामा.

आता बेरीज. गायिकेला मिळाले २०, कीबोर्डला २३, ड्रमरला २२, बासला १५. प्रत्येक बेरजेला २० नं भागायचं. गायिकेचा गुणक १, कीबोर्डचा १.१५, ड्रमरचा १.१०, बासचा ०.७५. परीक्षकांनी गटाला १०० पैकी ६० दिले असतील, तर ६० ला या गुणकांनी गुणायचं: गायिकेला ६०, कीबोर्डला ६९, ड्रमरला ६६ आणि बासला ४५. एकच कार्यक्रम, पण दोन टोकांत २४ मार्कांचा फरक. हे फार वाटतं म्हणून अनेक ठिकाणी निम्मे मार्क गटाचे ठेवून उरलेल्या निम्म्यांनाच गुणक लावतात. मग बासचे ४५ ऐवजी ५२.५ होतात.

या पद्धतीतली चांगली गोष्ट अशी की सढळ हाताचा माणूस आणि कंजूष माणूस यांचं वजन सारखंच राहतं; वाटायला दोघांकडेही २०च. वाईट गोष्ट अशी की चौघांनीही जीव तोडून काम केलं असलं तरी एकाचा गुणक वर नेण्यासाठी दुसऱ्याचा खाली यावाच लागतो.

स्वतःला मार्क द्यावेत की नाही यावर शिक्षकांत दोन तट आहेत. मी ‘देऊ नयेत’वाल्यांत. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या या-या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात खोटेपणा असतोच असं नाही. स्वतः केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्यानं केलेलं बरंचसं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. कीबोर्डवाल्याला आपण रात्री जागून बसवलेले कॉर्ड आठवतात. बासवाल्यानं त्याच रात्री आपल्या खोलीत काय केलं हे त्याला कसं कळावं?

मग इतका खटाटोप कशासाठी? सगळ्यांना गटाचे ६० देऊन मोकळं का होऊ नये? कारण पाट्या टाकणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि याचा सर्वात प्रसिद्ध पुरावा योगायोगानं आवाजाचाच आहे. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं. आधी एकेकट्याला, मग गटात. सहा जणांच्या गटात माणशी आवाज एकट्याच्या सुमारे ४० टक्क्यांवर आला. यातला काही भाग ताळमेळ न जमल्याचा होता. तो वजा करण्यासाठी त्यांनी डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावले, आणि प्रत्यक्षात एकट्यानंच ओरडणाऱ्या माणसाला ‘तुझ्याबरोबर बाकीचेही ओरडतायत’ असं भासवलं. तरीही तो एकट्यापेक्षा हळूच ओरडला. याच तिघांनी १९८१ मध्ये पुढचा प्रयोग केला: गटात असतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं. अंग चोरणं थांबलं.

आतल्या मूल्यमापनाचा सगळ्यात मोठा आधार मला हाच वाटतो. कुणीतरी बघतंय एवढं कळलं तरी पुरतं. मार्कांत पाच-दहाचा फरक पाडलाच पाहिजे असं नाही.

उलट मार्क आले की साटंलोटं येतं. चौघं भेटून ठरवतात, सगळ्यांनी सगळ्यांना ५ द्यायचे, विषय संपला. शिकत असताना मीही असा सरसकट आकडा लिहून मोकळी झाले होते, आणि तेव्हा तो मला मोठेपणा वाटला होता. खरं म्हणजे भीड होती. पुढच्या सत्रात त्याच लोकांबरोबर वाजवायचंय, कशाला वाईटपणा घ्या? दुसरं टोक म्हणजे उट्टं काढणं. नाव गुप्त ठेवलं की भीड कमी होते असं म्हणतात. चौघांच्या गटात मात्र कुणी काय दिलं हे दहा मिनिटांत कळतं.

फॉर्म काय विचारतो, तेच दिसतं

बासवाल्याच्या १५ गुणांकडे परत येऊ. ते अन्यायाचे आहेत का? सहापैकी दोन रिहर्सल त्यानं बुडवल्या होत्या. फॉर्मवर प्रश्न होते: वेळेवर येतो का, तयारी करून येतो का, कल्पना सुचवतो का. तिघांनी प्रामाणिक उत्तरं दिली. त्यानं गाणं वाचवलं ते कुठल्याच प्रश्नात बसत नव्हतं.

मिळून वाजवण्यातलं बरंच मोलाचं काम हे असं न दिसणारं असतं. उत्तम वादकही घड्याळासारखे एकत्र वाजवत नाहीत. छोट्या वाद्यवृंदांची मोजमापं घेतली तर एकाच ठोक्यावर पडणाऱ्या स्वरांत साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांचं अंतर सापडतं. कुणीतरी सतत दुसऱ्याच्या मागे-पुढे सरकून ते सांधत असतं. मर्निघन आणि कॉन्लन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या २० तंतुवाद्य-चौकडींचा (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) अभ्यास केला, त्यात दुसऱ्या व्हायोलिनवाल्याच्या कोंडीचं सुंदर वर्णन आहे. त्याची तयारी पहिल्याच्या तोडीची हवी, आणि त्यानं आयुष्यभर पहिल्याच्या मागे जायचं. या माणसाला ‘कल्पना सुचवतो का’ या रकान्यात किती मार्क मिळतील?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सहाध्यायी मूल्यमापनाच्या भक्तांना जरा टोचणारी आहे. यशस्वी चौकड्या आपल्यातले ताण बोलून फारसे सोडवत नव्हत्या. नेतृत्व कुणाचं आणि लोकशाही किती, हे विरोध त्यांना माहीत होते, पण ते चर्चेला न घेता त्या वाजवत राहायच्या. झाकली मूठ झाकलेली ठेवायच्या. विद्यार्थ्यांना मात्र आपण सत्राच्या ऐन मध्यावर मूठ उघडून दाखवायला सांगतो. ते व्यावसायिक होते, वर्षानुवर्षं एकत्र होते. विद्यार्थ्यांचा गट बारा आठवड्यांचा असतो आणि त्यांना न बोलता समजून घेण्याइतका वेळ मिळत नाही, हा फरक मला मान्य आहे. तरीही दर आठवड्याला फॉर्म भरून घेणाऱ्या शिक्षकानं हा अभ्यास एकदा आठवावा.

मग काय विचारावं? ‘सहकार्य: पाचपैकी किती’ असं विचारलं की आवडीनिवडीचे मार्क येतात. ‘या महिन्यात कुणीतरी तुझं ऐकून आपलं वाजवणं बदललं, असा एक प्रसंग लिही’ असं विचारलं की प्रसंग येतो, आणि प्रसंग खोटा रचणं आकड्यापेक्षा अवघड असतं. शेऱ्यांचंही तसंच. ‘जरा कमी वाज’ या शेऱ्यानं ड्रमर फक्त दुखावतो. ‘दुसऱ्या कडव्यात हाय-हॅटच्या झांजा पूर्ण उघड्या असतात तेव्हा मला माझा स्वर ऐकू येत नाही’ हे वाचून तो उद्या काहीतरी वेगळं करून बघू शकतो. शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये शिकणाऱ्याला लागणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या: चांगलं म्हणजे काय ते कळणं, आपलं काम त्याशेजारी ठेवून बघता येणं, आणि मधलं अंतर कमी करायचा काहीतरी मार्ग हातात असणं. पहिल्या शेऱ्यात तिसरी गोष्टच नाही.

वेळही महत्त्वाची. फॉर्म फक्त परीक्षेनंतर भरून घेतला तर तो निव्वळ निकालपत्र होतो, सुधारायला काही उरत नाही. सत्राच्या मध्यावर एकदा बिनमार्कांची फेरी घेतली, तर बासवाल्याला दोन बुडवलेल्या रिहर्सलांची किंमत तेव्हाच कळते, ४५ मार्कांतून नव्हे. आणि गुणक ०.८ च्या खाली किंवा १.२ च्या वर गेला, तर तो मार्कशीटवर चढवण्याआधी शिक्षकानं चौघांचे कागद स्वतः वाचावेत. शेवटी सही त्याची असते. ‘विद्यार्थ्यांनीच दिले’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

आमच्या बँडच्या बाबतीत शिक्षिकेनं तेच केलं असं समजू. तिनं कागद परत दिले, कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण लावलं आणि सांगितलं, शेऱ्यात आता वेळ लिहायची, मिनिट आणि सेकंद. गायिकेनं तोच तुकडा तीनदा मागे घेतला. मग लिहिलं, ‘७ मिनिटं ४० सेकंद. मी एक बार आधी आले. बास माझ्याबरोबर आला, बाकीचे त्याच्या मागे. हे मला आज कळलं.’ तिनं त्याच्या ३ चे ४ केले, आणि तो एक गुण स्वतःच्या ५ मधून काढला. पाच तिनं दिले नाहीत. दोन रिहर्सल त्यानं बुडवल्या होत्याच.